घरचा लॅपटॉप, लिनक्स आणि उद्याची प्रश्नपत्रिका

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगलीजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करणारे एक वाचक लिहितात: घरात एकच लॅपटॉप आहे, २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ हा प्रोसेसर घेत नाही, म्हणून त्यांनी सगळी डिस्क पुसून लिनक्स मिंट टाकलं. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त परवान्याची सिस्टिम, मिंट हे तिचं एक रूप. दीड महिना घरात कुणी काही बोललं नाही. मग फेडोरा आलं, मग मांजारो, आता कुबुंटू, ही सगळी लिनक्सचीच रूपं. 'प्रत्येक वेळी कारण होतं,' असं ते म्हणतात.

पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. चाचणीच्या आदल्या रात्री घरच्या एचपी लेझरजेट १०२० प्रिंटरवर प्रश्नपत्रिका निघेना. स्क्रीनवर काम पूर्ण झाल्याचं दिसत होतं, कागद मात्र जागचा हलत नव्हता. सकाळी झेरॉक्सवाल्याचं शटर उघडेपर्यंत त्या दारात थांबल्या, आणि तिथे फाइल उघडली तर दोन पानांची अडीच पानं झालेली. मुलगी आठवीत आहे. वडील निवृत्त आहेत. वायफाय अडकलं तर काय करायचं याची चिठ्ठी वाचकांनी त्यांना लिहून दिली होती. त्यांनी ती कमांड टाइप केली, तर 'ही घटना कळवली जाईल' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. दोन दिवस त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही.

पत्नीचं म्हणणं आहे, 'एक तर हे काढ, नाहीतर मला वेगळा लॅपटॉप घेऊन दे.' वाचक विचारतात: लिनक्स चांगलं आहे हे घरच्यांना कसं पटवू? आणि मित्रांच्या ग्रुपवर आम्ही याच गोष्टींवर पोट धरून हसतो, तेच विनोद घरी सांगितले की वातावरण तापतं, ते का?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: मिंट होतं तेव्हा दीड महिना कुणी काही बोललं नाही. म्हणजे विंडोजवरून लिनक्सवर येणं तुमच्या घरानं एकदा पचवलं होतं. पत्नीनं नवा मेनू शिकून घेतला, वडिलांनी पेपर आणि भजनं कुठे सापडतात ते पाहून ठेवलं, मुलीला तर फरकही जाणवला नसेल. मग घरच्यांना आता नेमकं काय पटवायचं राहिलंय? पत्रातल्या तक्रारी पुन्हा वाचून पाहा. प्रिंट निघत नाही, फाइल फुगते, चिठ्ठीतली कमांड धमकी देते. यातली एकही तक्रार 'लिनक्स नको' अशी नाही. काल शिकलेलं आज उपयोगी पडत नाही, एवढंच दोघं सांगताहेत.

'प्रत्येक वेळी कारण होतं' हेही जरा तपासू या. फेडोरा टाकलं कारण त्यात नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, होतं. मांजारो टाकलं कारण मित्र म्हणाला. कुबुंटू टाकलं कारण ते दिसायला देखणं आहे. ही सगळी कारणं तुमच्या आवडीची आहेत, घरच्या कामातून आलेलं त्यात एकही नाही. या आवडीला मी नावं ठेवणार नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टॉरवाल्ड्सनं, केवळ हौसेनं सुरू केलेल्या कामातून हे सगळं उभं राहिलंय, आणि रात्री जागून खटपट करणाऱ्या माणसांमुळेच लिनक्स डेस्कटॉप आज घरात ठेवण्याजोगा झालाय. पण तुम्ही देखभाल विभागात आहात. चालू लाइनवर तुम्ही कधी हौस म्हणून मोटर बदलून बघता का? शटडाउन ठरवता, सुपरवायझरला सांगता, जुनी मोटर हाताशी ठेवता. घरच्या लॅपटॉपवर तीन माणसांची पाळी चालते. तिथेही तोच नियम लावा.

आता प्रिंटरकडे येऊ, कारण खरा भडका तिथे उडाला, आणि हे मॉडेल वापरणाऱ्या प्रत्येक लिनक्सवाल्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. लेझरजेट १०१८ आणि १०२० यांच्यात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं साठवलेलं नसतं. प्रिंटर चालू केला की दर वेळी कंप्युटरनं ते यूएसबीतून पाठवायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर हे न सांगता करतो. लिनक्सवर ते काम एचपीलिप नावाचं पॅकेज करतं, पण फर्मवेअर मुक्त परवान्याचं नसल्यामुळे पॅकेजसोबत येत नाही. 'प्लगइन' म्हणून ते वेगळं उतरवावं लागतं. मिंटवर तुम्ही ते एकदा केलं असणार आणि विसरून गेला असणार. कुबुंटू टाकल्यावर प्रिंटर आपोआप ओळखला गेला, नाव दिसलं, काम रांगेत गेलं आणि रांगेतून बाहेरही पडलं. प्रिंटरला मात्र त्यातलं काहीच कळलं नाही, कारण कळण्यासाठी लागणारं फर्मवेअरच त्याच्याकडे पोचलं नव्हतं.

उपाय असा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिप आणि त्याचं जीयूआय, म्हणजे खिडक्या-बटणांचं, पॅकेज टाका. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एचपी-सेटअप चालवा, मधली जोडरेघ विसरू नका. यूएसबी निवडा. प्लगइन उतरवू का असं विचारेल, त्याला हो म्हणा. तेव्हा इंटरनेट सुरू हवं. ड्रायव्हर हातानं निवडायची वेळ आली तर यादीत याच मॉडेलच्या दोन-तीन नोंदी दिसतील. नावात फू-टू-झेडजेएस असलेली घेऊ नका, तिला फर्मवेअर वेगळ्या वाटेनं द्यावं लागतं. एचपीकप्स असं लिहिलेली आणि पुढे प्रोप्रायटरी प्लगइन लागेल असा शेरा असलेली घ्या. सिस्टिमनं आधी स्वतःहून जोडलेली त्याच प्रिंटरची दुसरी नोंद काढून टाका, नाहीतर घाईच्या वेळी नेमकी तीच निवडली जाईल. मग प्रिंटर आणि लॅपटॉप दोन्ही बंद करा, पुन्हा चालू करा आणि चाचणी पान काढा. बसवल्या बसवल्या पान निघालं यावर समाधान मानू नका. बंद करून चालू केल्यावर निघालं तर काम झालं.

एक गोष्ट लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवून ठेवण्यासारखी आहे. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. मोठ्या अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं की प्लगइन मागे राहतं आणि प्रिंटर पुन्हा मुका होतो. तेव्हा एचपी-प्लगइन ही कमांड चालवली की नवं उतरतं. म्हणून परीक्षांच्या आठवड्यात मोठं अपडेट घेऊच नका.

ज्या वाचकांकडे कॅननचा एलबीपी २९०० आहे, आणि आपल्याकडच्या दुकानांत नि ऑफिसांत तो पावलोपावली दिसतो, त्यांनी लिनक्सवर येण्याआधी जास्त विचार करावा. तो कॅप्ट नावाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, आणि त्याचा जुना ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर बसवणं जिकिरीचं आहे. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का ते बघा. असे प्रिंटर आजच्या लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

दोन पानांची अडीच पानं का झाली? शाळेतून आलेल्या नमुना फाइलमध्ये बहुधा मंगल हा फॉन्ट होता. तो विंडोजचा आहे, लिनक्ससोबत येत नाही. तुमच्या लॅपटॉपवर लिबरऑफिसनं, म्हणजे लिनक्सवरच्या वर्डसारख्या प्रोग्रामनं, त्याच्या जागी नोटो किंवा लोहित हे फॉन्ट वापरून पान बसवून दाखवलं. झेरॉक्सवाल्याच्या विंडोजवर खरा मंगल सापडला. त्याच्या ओळीची उंची वेगळी, अक्षराची रुंदी वेगळी, म्हणून मजकूर खाली सरकला. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: बाहेर छापायला द्यायची फाइल कायम पीडीएफ करून द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. प्रश्नपत्रिका तयार झाली की फाइल मेनूतून एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ, ती पेनड्राइव्हवर आणि पत्नीच्या फोनवर. ही सवय लागली की घरचा प्रिंटर बंद पडला तरी रात्र वाया जात नाही.

मराठी प्रश्नपत्रिका करणाऱ्या सगळ्यांसाठी आणखी थोडं. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि मग भाषेच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू करून मराठी निवडा. देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार यांचा कप्पाच वेगळा असतो. स्टाइल बदलताना 'वेस्टर्न' खाली १४ केलं आणि 'सीटीएल' खाली १२ राहिलं, तर इंग्रजी आकडे मोठे होतात आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. 'हे लिनक्स माझं ऐकतच नाही' या वाक्याचा उगम पुष्कळदा इथे असतो. दुसरं म्हणजे उजवीकडचे गुण. बहुतेक शिक्षक प्रश्न लिहून स्पेसबार दाबत दाबत गुण उजव्या कडेला नेतात. फॉन्ट जरा बदलला की ते सगळे आकडे वाकडेतिकडे होतात. वरच्या पट्टीवर उजवा टॅब लावा आणि प्रश्नानंतर एकदा टॅब दाबा. फॉन्ट कुठलाही आला तरी आकडे एका रेषेत राहतात, विंडोजवरसुद्धा.

टायपिंगचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण दर वेळी सिस्टिम बदलल्यावर तेही नव्यानं लावावं लागलं असणार. पत्नी फोनवर टाइप करतात तसं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहीत असतील तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम-सेव्हन्टीन-एन पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स, गमभन असे पर्याय मिळतात. टाकल्यावर लॉगआउट करून परत या. बरेच लोक इथे अडतात, कारण लॉगआउट केल्याशिवाय ते दिसतच नाही. त्या इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची ठरलेली कीबोर्ड मांडणी, शिकल्या असतील तर कशाचीच गरज नाही, कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आधीपासून आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ्या तिथे शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई असा येतो. साध्या जे नं सुरुवात केली की 'दुसर्या' होतं आणि शाळेत कुणीतरी लाल पेननं त्यावर गोल करतं. कुठलाही लेआउट असो, मराठी-इंग्रजी बदलायची कळ एकच ठरवा आणि ती पुन्हा बदलू नका.

जुन्या प्रश्नपत्रिका श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी ओळखली जाणारी अक्षरं, नाहीत. फॉन्ट नसला की तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरनं त्या युनिकोडमध्ये आणता येतात. आणल्यावर रफार, ऱ्य, क्ष, ज्ञ आणि पहिली वेलांटी एवढं डोळ्यांखालून घाला, गडबड बहुधा याच जागी होते. हे काम मे महिन्याच्या सुट्टीत करा, परीक्षेच्या तोंडावर नको.

आता वडील. त्यांना दिसलेलं वाक्य कुठल्याही सरकारी खात्याशी संबंधित नाही, हे आज संध्याकाळी शेजारी बसून त्यांना सांगा. सायबर गुन्ह्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला ते वाक्य दिसलं तर तो घाबरणारच. तुम्ही त्यांचं खातं साधं ठेवलंत, ते योग्यच केलंत. पण चिठ्ठीत सुडोनं, म्हणजे प्रशासकाचा अधिकार मागणाऱ्या शब्दानं, सुरू होणारी कमांड दिलीत. साध्या खात्याला सुडोचा अधिकार नसतो, म्हणून सिस्टिमनं नकार दिला आणि नोंद केली. ती नोंद त्याच लॅपटॉपच्या लॉगमध्ये जाते, फार तर त्याच मशीनवरच्या प्रशासकाला कळवली जाते, आणि घरातले प्रशासक तुम्हीच आहात. हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या.

त्याच प्रसंगात आणखी एक पेच असणार. सुडो पासवर्ड विचारतं तेव्हा मिंटमध्ये टाइप करताना फुल्या दिसतात. फेडोरात, मांजारोत किंवा कुबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत काहीच दिसत नाही. कर्सर एका जागी लुकलुकत राहतो. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो कीबोर्ड बिघडला, आणि तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकतो. मिंटच्या दिवसांत वडिलांनी तुमच्या पाठीमागून फुल्या पाहिल्या असतील, आता त्या गायब. सिस्टिम बदलणाऱ्याला ही बारीक गोष्ट वाटते. वापरणाऱ्याचा विश्वास अशाच गोष्टींवर उभा असतो.

मुळात सत्तरीच्या माणसाला कमांडची चिठ्ठी द्यायचीच नाही. वायफाय अडकलं तर पॅनेलवरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक, बंद, पुन्हा चालू. तरीही नाही आलं तर लॅपटॉप रीस्टार्ट. एवढंच. ते वारंवार अडकत असेल तर दुरुस्ती तुमच्याकडची आहे. ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्या वायफाय चिपसाठी वेगळा ड्रायव्हर सुचवलाय का ते बघा. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांना तो बहुधा लागतो. तो उतरवण्यापुरता फोन यूएसबीनं जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, म्हणजे टेदरिंग करा, लिनक्स ते लगेच ओळखतं. अक्षरं लहान वाटत असतील तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग १.२ किंवा १.३ करा. रिझोल्यूशन कमी करू नका, त्यानं सगळंच धूसर होतं.

विनोदांबद्दल तुम्ही विचारलंत ते मला मोलाचं वाटलं, कारण लिनक्सवाल्यांचं एकत्र राहणं बरंचसं या विनोदांवर चालतं. विम या मजकूर लिहायच्या प्रोग्राममधून बाहेर कसं पडायचं, 'मी आर्च (लिनक्सचं एक अवघड रूप) वापरतो बरं का' हे न विचारता सांगणारा मित्र, दर जानेवारीत 'यंदाचं वर्ष लिनक्स डेस्कटॉपचं' ही घोषणा. तुम्ही यावर हसता कारण तुम्ही स्वतः विममध्ये अडकलेले असता, आणि एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर हे सापडल्यावर सुटकेचा श्वास घेतलेला असतो. तुम्ही त्या खोड्यात आपण होऊन शिरलात. पत्नी आपण होऊन शिरलेल्या नाहीत. चाचणीच्या आदल्या रात्री अकरा वाजता त्या अडकल्या, आणि तेव्हा तुम्ही त्यांना लिनक्सवर प्रिंटर चालत नाहीत यावरचा विनोद ऐकवलात. तुमच्या लेखी तो दिलासा होता, हे मला कळतं. त्यांच्या लेखी मात्र त्यांचा खोळंबा तुम्हाला गमतीचा वाटला, एवढंच त्यातून पोचलं. आधी प्रिंट काढून द्या. महिन्याभरानं त्याच रात्रीवर त्या स्वतःच हसतील, तेव्हा तुम्हीही हसा.

घरात चालण्यासारखी गंमत लिनक्सकडे भरपूर आहे. मुलीला टर्मिनल दाखवायचंच असेल तर एसएल नावाचं छोटं पॅकेज टाका. फाइलींची यादी बघायची कमांड एलएस. घाईत अक्षरं उलटी पडून एसएल झालं की स्क्रीनभर वाफेचं इंजिन धावत जातं, आणि ते जाईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. काउसे टाकलं तर अक्षरांची गाय आपलं वाक्य बोलते. तिला मराठी बोलायला लावलं की फुग्याची उजवी कड वाकडी होते, कारण प्रोग्राम काना-मात्रा-वेलांट्यांनाही वेगळी जागा मोजतो आणि पडद्यावर त्या अक्षराच्या अंगावरच बसतात. आठवीतल्या मुलीला हे का होतं ते शोधायला सांगा. युनिकोड म्हणजे काय, हे तिला त्यातून जितकं कळेल तितकं पुस्तकातून कळणार नाही.

एक विनोद मात्र घरात आणि नवख्यांच्या ग्रुपवर पूर्ण बंद ठेवा. 'फ्रेंच भाषेचं पॅकेज काढून टाक, मशीन हलकं होईल' असं सांगून आरएम, मग जोडरेघ एफआर, आणि पुढे स्लॅश अशी कमांड देतात. ती फ्रेंच काढत नाही, मुळापासूनच्या सगळ्या फाइली पुसू लागते. आजचं आरएम नुसत्या स्लॅशला नकार देतं, पण स्लॅशपुढे तारांकन असलं की अडवत नाही. एखाद्या मुलाचा प्रोजेक्ट किंवा कुणाचे लग्नाचे फोटो त्यात जातात. तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: जी कमांड काय करते ते माहीत नाही, ती सुडोसकट चिकटवायची नाही.

मग आता करायचं काय? मी तुम्हाला परत मिंटवर जायला सांगेन, आणि कारण एकच आहे: घराला ते माहीत आहे. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आधी जो चेहरा होता, सिनॅमन असो वा एक्सएफसीई, तोच घ्या. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई जास्त मोकळं चालतं, पण ब्राउझरचे आठ टॅब उघडले की दोन्ही सारखेच घुसमटतात. तेव्हा थोडा खर्च करणार असाल तर आधी अडीच इंची साटा एसएसडी घाला, २४० किंवा २५६ जीबी पुरे, आणि रॅम ८ जीबी करा. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये कुठे डीडीआर-फोर असते, कुठे डीडीआर-थ्री-एल. मागचं झाकण उघडून चिपवरचं लेबल वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. लॅपटॉप पळतोय की रांगतोय हे सिस्टिमपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त ठरतं. जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरा.

टाकताना घरच्या तिघांची तीन साधी खाती करा. प्रशासक तुम्ही एकटे. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा, रोज सिस्टिमचा एक स्नॅपशॉट (त्या दिवशीची प्रत) आणि शेवटचे तीन ठेवायचे. अपडेटनं काही बिघडलं तर दहा-पंधरा मिनिटांत कालच्या अवस्थेत परत येता येतं. लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं. होम फोल्डर ते आपण होऊन धरत नाही, म्हणजे प्रश्नपत्रिका आणि फोटो यांची वेगळी प्रत त्या डबीतल्या डिस्कवर दर रविवारी घ्यायलाच हवी. अपडेटनंतर स्क्रीन काळी राहिली तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू आणा आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचं कर्नल निवडा. हे एकदा पत्नीला करून दाखवा, तुम्ही रात्रपाळीला असलात तरी घर अडणार नाही.

आणि तुमच्या हौसेचं काय? ती मारू नका. एक ३२ किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावर व्हेन्टॉय टाका. मग फेडोरा, आर्च, ओपनसुसे, जे हवं त्याची आयएसओ (सिस्टिम बसवायची) फाइल नुसती त्यात कॉपी करायची. सुरू करताना यादी येते, हवी ती निवडून लाइव्ह, म्हणजे न बसवता थेट पेनड्राइव्हवरून, चालवता येते आणि लॅपटॉपच्या डिस्कला धक्का लागत नाही. फक्त त्यातला इन्स्टॉलचा प्रोग्राम उघडू नका. प्रत्यक्ष बसवून रोज वापरायची इच्छा असेल तर जुन्या बाजारातून तुमचं स्वतःचं वेगळं मशीन घ्या. तिथे आठवड्याला सिस्टिम बदला, कुणी विचारणार नाही.

विंडोजवर परत जाण्याचा पर्यायही उघडा आहे आणि त्यात पराभव वगैरे काही नाही. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. पुन्हा टाकून इंटरनेटला जोडलं की बहुतेक वेळा किल्ली न विचारता चालू होतं. सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यापुढे त्याच्यावर बँकेचं काम करू नये. ज्या घरात टॅली लागतं, किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरून रिटर्न भरावी लागतात, त्यांनी एक विंडोज मशीन ठेवावंच. तिथे लिनक्ससाठी भांडण्यात वेळ जातो आणि दंड आपण भरतो. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या भागात काही लिहिता येत नाही. घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसू लागलं तर घाबरू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ, आणि आपल्यात नि तिच्यात तेवढंच अंतर आहे. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की दोघांचं जमतं.

पत्नीला वेगळा लॅपटॉप हवा असेल तर तो त्यांच्या कामाचं साधन आहे, हे मान्य करून घ्या. त्यावर काय असावं हे त्यांना ठरवू द्या. त्या विंडोज म्हणाल्या तर विंडोज. दुकानात तुमचा व्हेन्टॉयचा पेनड्राइव्ह खिशात असू द्या, दुकानदार हो म्हणाला तर मिंट लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का एवढं तपासा. पुढे कधी त्यांना स्वतःलाच बदलावंसं वाटलं तर कामी येईल. पण नवा लॅपटॉप घरी आल्यावर त्याला हात लावायचा तो त्यांनी हाक मारल्यावरच. आणि तो यायच्या आधी, या आठवड्यातच, एचपी-सेटअप चालवून प्रिंटर बंद-चालू करून त्यांच्यासमोर एक पान काढून दाखवा. पुढची चाचणी फार लांब नसेल.